फोटोत मागे उभं असलेलं विमान

माझे बाबा नौदलात एअर मेकॅनिक होते. दाबोळीच्या ‘आयएनएस हंसा’वर आणि मधूनमधून ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेवर त्यांची नोकरी झाली. ते गेल्यावर त्यांचा अल्बम माझ्याकडे आला. विमानं ओळखीची होती, पण विमानांपुढे उभ्या असलेल्या निम्म्या माणसांची नावं मला सांगता येईनात. ती विचारायला म्हणून मी बाबांच्या जुन्या सहकाऱ्यांकडे जाऊ लागले, आणि जिथे गेले तिथे आतल्या खोलीतून आणखी एक अल्बम बाहेर आला. मालवण, देवगड, रत्नागिरी, पुणे, वास्को. आता माझ्याकडे अशा घरगुती फोटोंचा चांगलाच साठा झाला आहे. सी हॉक, अलिझे, व्हॅम्पायर, सुपर कॉन्स्टेलेशन, सी हॅरियर. नौदलाने काढलेले अधिकृत फोटो पुस्तकांत आहेत, ते सुरक्षित आहेत. मी लिहिते आहे ते बिनसरकारी, घरच्या कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोंबद्दल.

१. घरच्या अल्बमांत विमानं उडत नाहीत. ती कायम जमिनीवर, नाहीतर डेकवर उभी असतात. सुरुवातीला मला याची रुखरुख वाटे. ताशी साडेनऊशे किलोमीटरच्या आसपास जाणारं जेट, आणि आपल्याकडे त्याचा एकही हवेतला फोटो नाही! मग बाबांचा आग्फा क्लिक थ्री हातात घेतला तेव्हा कारण कळलं. त्याचं शटर मंद. १२० नंबरच्या एका रोलमध्ये चौकोनी १२ फोटो. त्यातले बहुतेक बारशाला, गणपतीला, गावाहून आलेल्या आजीला राखून ठेवलेले. उरलेल्या एखाद-दुसऱ्या फोटोत धावपट्टीवरून सुसाट जाणारं विमान पकडायचं म्हणजे फिल्म वाया घालवणं. शिवाय हवाई तळावर कॅमेरा न्यायला एरवी बंदीच. फॅमिली डे असला, नेव्ही वीकमध्ये लोकांना आत सोडलं, की तेवढ्यापुरती मुभा. म्हणून आमच्या अल्बमांतली सगळी विमानं धुतलेली-पुसलेली, पाहुण्यांसाठी मांडून ठेवलेली दिसतात आणि त्यांच्यापुढे इस्त्रीच्या साड्या नेसलेल्या बायका उन्हाने डोळे बारीक करून उभ्या असतात. आज मला हे फोटो हवेतल्या फोटोंपेक्षा जास्त आवडतात. हवेतलं विमान वैमानिकाचं असतं, उभं असलेलं विमान सगळ्या स्क्वाड्रनचं असतं.

२. पूर्ण विमान दिसायलाच हवं असं नाही. माणसं पुढे उभी राहतात, विमानाचं नाक झाकलं जातं, फोटोत उरतो तो पंखाचा तुकडा नाहीतर शेपटी. तेवढ्यावरून ओळखता येतं, हे मला या लोकांनी शिकवलं. सी हॉकचा एक्झॉस्ट शेपटीच्या टोकाला नाही. तो दोन भागांत वाटला जाऊन दोन्ही पंखांच्या मुळाशी, मागच्या बाजूला बाहेर पडतो. त्यामुळे मागचं सगळं धड इंधनाला मोकळं राहिलं. फोटोत खांद्यामागे ते भोक दिसलं की संशयच नको. अलिझेला पुढे पंखा, आणि दोन्ही पंखांच्या पुढे डोकावणारे फुगीर कप्पे, ज्यांत चाकं जातात आणि पाणबुडीचा आवाज टिपणारे सोनोबॉयही असतात. त्याच्या पोटातून रडारचा घुमट खाली उतरतो, पण जमिनीवर तो आत घेतलेला असतो, म्हणून फोटोत शोधू नये.

आणि शेपटी. काही सी हॉकांची उभी शेपटी इतरांपेक्षा उंच असते. ती पश्चिम जर्मनीच्या नौदलाकडून नंतर घेतलेली विमानं. एकूण २८ घेतली होती. रत्नागिरीच्या एका काकांनी चष्मा कपाळावर सरकवून, फोटो नाकाजवळ धरून, मला हा फरक दाखवला. त्यांच्या अंगठ्याचं नख अगदी शेपटीच्या वरच्या कडेवर होतं. “ही जर्मन,” ते म्हणाले. त्यानंतर मी घरी येऊन सगळे फोटो पुन्हा काढले. ज्या फोटोंच्या तारखेचा काही पत्ता नव्हता त्यांतले काही निदान ही जर्मन विमानं आल्यानंतरचे आहेत, एवढं तरी पक्कं झालं.

३. काळ्या-पांढऱ्या फोटोत केशरी आणि हिरवा जवळजवळ सारखेच दिसतात. विमानाच्या अंगावरचं आपलं तिरंगी वर्तुळ म्हणजे करड्यात पांढरं, पांढऱ्यात करडं. विमानवाहू नौकेच्या डेकवर ज्याच्या-त्याच्या कामाप्रमाणे जॅकेटचे रंग वेगळे असतात. इंजिनाच्या गदारोळात बोलणं ऐकू येत नाही, तेव्हा कोण कोणत्या कामाचा हे लांबून डोळ्यांनाच कळलं पाहिजे. फोटोत मात्र सगळे एकाच रंगाचे. हल्ली संगणकावर अशा फोटोंत रंग भरून मिळतात आणि लोक ते हौसेने फिरवतात. मला ते पटत नाही. यंत्र अंदाजाने रंग भरतं, आणि ज्याला खरा रंग ठाऊक आहे तो माणूस अजून पुण्यात, कोथरूडमध्ये, सकाळचा चहा घेत बसलेला आहे. त्याला विचारावं. मी विचारते. उत्तर द्यायला त्यांना क्षणाचाही वेळ लागत नाही. वरचा करडा रंग किती गडद, पोटाकडचा फिका रंग कसा हिरवटाकडे झुकणारा, कोणाचं जॅकेट कोणतं. मी ते फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवते.

४. एअर मेकॅनिक फोटो हातात घेतला की माणसं बघत नाही, आधी नंबर वाचतो. हे मी इतक्या घरांत पाहिलं आहे की आता फोटो देताना मीच नंबराची बाजू उजेडाकडे धरते. नौदलाच्या विमानांवर ‘आयएन’ आणि पुढे आकडे असतात. अलिझे २०१ पासून पुढे, सी हॅरियर ६०१ पासून. बाहेरच्याला तो आकडा. ज्याने त्या विमानाचे ब्रेक, हायड्रॉलिकचे पाइप, चाकं वर्षानुवर्षं सांभाळली त्याच्यासाठी तो एक स्वभाव असतो. हे सुरू व्हायला कुरकुरतं, ते पावसात रुसतं, त्या तिसऱ्याचा हुक डेकवर उतरताना एकदा वायरीत अडकला नाही आणि वैमानिकाला पुन्हा वर जावं लागलं.

मालवणच्या एका काकांना मी एक अलिझेचा फोटो दिला. पंख दुमडलेलं, डेकवर बांधून ठेवलेलं विमान. त्यांनी नंबर वाचला आणि म्हणाले, “ह्यां माझां इमान, बाय.” मग त्यांचं बोट फोटोवर सरकत गेलं. चाकापुढे चॉक आहे. चाकाच्या वर पिन लावलेली आहे, तिची फीत लोंबते आहे. म्हणजे विमान लगेच उडणार नव्हतं. विमान डेकला जखडणारं लॅशिंग नेहमीपेक्षा जास्त आहे, म्हणजे वारा वाढणार होता. मागे एका माणसाने टोपी हाताने धरली आहे, म्हणजे तो वाढलाच होता. मला त्या फोटोत एक विमान आणि दोन माणसं दिसत होती. त्यांना हवामान दिसत होतं.

थोड्या वेळाने ते आपणहून १९७१ च्या युद्धाबद्दल बोलले. १० डिसेंबरला पश्चिमेकडच्या समुद्रावर गस्त घालणारं एक अलिझे पाकिस्तानी स्टारफायटरने पाडलं. आतले तिघेही परत आले नाहीत. अलिझे संथ, पंख्याचं, पाणबुड्या शोधण्यासाठी बनवलेलं विमान. आवाजाच्या दुप्पट वेगाने जाणाऱ्या स्टारफायटरसमोर त्याचं काय चालणार? काकांनी एवढंच सांगितलं की त्यानंतर स्क्वाड्रनच्या बोर्डवरचा एक नंबर पुसला गेला, आणि पुसणाऱ्याने तो नीट, पूर्ण पुसला नाही. मी पुढे काही विचारलं नाही.

५. फोटोला आवाज नसतो, आणि वास्कोत वाढलेल्या माझ्यासारखीला ही फार मोठी उणीव वाटते. आमची आई स्वयंपाकघरातून सांगायची, “सी हॉक गेलं.” तिने एकही विमान कधी जवळून पाहिलं नसेल, पण कानाने सगळी ओळखायची. फक्त अलिझेच्या बाबतीत कधीकधी फसायची. कारण मला फार नंतर समजलं. अलिझेचं इंजिन रोल्स-रॉइस डार्ट. इंडियन एअरलाइन्सच्या व्हायकाउंट, फोकर फ्रेंडशिप आणि अ‍ॅव्रो या प्रवासी विमानांनाही तेच डार्ट इंजिन होतं. तीच कर्कश, कानात घुसणारी शिट्टी. पाणबुडी शोधायला निघालेलं विमान आणि मुंबईहून पाहुणे घेऊन येणारं विमान, दोघांचा आवाज एका घराण्यातला.

६. ज्या दिवसांचे फोटो असायला हवेत असं आपल्याला वाटतं, त्या दिवसांचे नेमके नसतात. १८ मे १९६१ रोजी लेफ्टनंट ताहिलियानी यांनी विक्रांतवर सी हॉक उतरवलं. भारतीय वैमानिकाने या डेकवर उतरण्याची ती पहिली वेळ. पुढे ते नौदलप्रमुख झाले. त्या क्षणाच्या नोंदी आहेत. पण त्याच डेकवर, इंजिन चालू असलेल्या जेटच्या पोटाखाली वाकून, कॅटापुल्टला जोडणारी जाड वायर विमानाला अडकवणारे जे होते, त्यांचा फोटो घरच्या एकाही अल्बमात मला सापडलेला नाही. त्या वेळी कोण कॅमेरा काढणार, आणि कोण काढू देणार?

१९७१ चा डिसेंबरही तसाच. विक्रांतच्या चार बॉयलरपैकी एकाला तडे गेलेले. जहाजाचा वेग कमी, म्हणजे विमानांना उड्डाणासाठी समोरून मिळणारा वारा कमी. तरी तिला बंगालच्या उपसागरात नेलं, आणि ४ डिसेंबरला तिची सी हॉक विमानं कॉक्स बाजार आणि चितगावावर गेली. नौदल विमानदलाच्या इतिहासातले हे सगळ्यात मोठे दिवस. बाबांच्या अल्बमात नोव्हेंबरातला माझ्या आत्याच्या लग्नाचा फोटो आहे आणि त्यानंतर थेट फेब्रुवारीतली वास्कोची सहल. मधलं एकही पान रिकामं नाही, बाबांनी जागा सोडलीच नव्हती. आठवणी मात्र सगळ्या त्याच मधल्या महिन्यांच्या. म्हणून अल्बम बघताना मी आता दोन फोटोंच्या मधलं अंतरही विचारते. “याच्यानंतर काय झालं?” असं विचारलं की माणूस बोलायला लागतो.

७. बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात गेल्यावर सी हॉक इतकं लहान कसं, असं वाटतं. १९९८ साली सुरू झालेलं हे संग्रहालय दाबोळीच्या विमानतळापासून हाकेच्या अंतरावर आहे, आणि गोव्याला जाणारे बहुतेक लोक ते न बघताच समुद्रावर जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तिथे १९५३ साली कोचीला आलेल्या, नौदलाच्या पहिल्यावहिल्या जातीचं सीलँड आहे, पाण्यावरही उतरणारं. फायरफ्लाय आहे. अलिझे आहे. आणि सगळ्यांच्या डोक्यावर सावली धरणारं, तीन शेपट्यांचं सुपर कॉन्स्टेलेशन. हे आधी एअर इंडियाचं प्रवासी विमान. मग वायुदलाकडे गेलं, आणि १९७६ मध्ये समुद्रावर लांबची टेहळणी करायला नौदलाकडे आलं. मला त्याच्याविषयी विशेष माया आहे. विलायतेला जाणारे श्रीमंत प्रवासी नेलेलं ते विमान उतारवयात रात्र-रात्र अरबी समुद्रावर फेऱ्या मारत राहिलं.

सी हॉक जेमतेम १२ मीटर लांब. फोटोत ते अवाढव्य दिसायचं, कारण फोटो काढणारा नेहमी खाली बसून काढायचा आणि पुढे उभी केलेली असायची मुलं. मीच त्यांतली एक. संग्रहालयातल्या विमानांना अधूनमधून नवा रंग देतात, द्यावाच लागतो. खारा वारा पत्रा खातो. त्यामुळे खऱ्या विमानावर आता त्याच्या वापराच्या खुणा कमी आणि फोटोत जास्त आहेत. एक्झॉस्टमागचा काळा ओघळ, पंखावर बुटांनी घासलेली वाट, वारंवार उघडल्यामुळे रंग उडालेली झाकणाची कड. हे पाहायचं तर बाबांच्या चौकोनी फोटोत भिंग धरूनच पाहावं लागतं.

८. डेक गेला. हे मला पचायला फार जड गेलं. विक्रांत ३१ जानेवारी १९९७ ला निवृत्त झाली, मुंबईत बरीच वर्षं तरंगतं संग्रहालय म्हणून राहिली, आणि २०१४ मध्ये दारूखान्यात तोडली गेली. दुसरी विमानवाहू नौका विराट २०१७ ला निवृत्त होऊन पुढे तोडायला अलंगला गेली. विमानं तरी चौथऱ्यांवर उरली, पण ज्या दोन डेकांवर ती उतरली त्यांतला एकही आज नाही. देवगडच्या एका काकांच्या नातवाने ती मोटारसायकल घेतली आहे जिच्या पत्र्यात विक्रांतचं लोखंड मिसळल्याचं कंपनी सांगते. काका रोज सकाळी ती पुसतात. नातू झोपलेला असतो.

२०२२ मध्ये कोचीला नवी विक्रांत नौदलात दाखल झाली, याचा आनंद आहेच. पण आता फोटोमागे नुसतं ‘विक्रांतवर’ लिहून चालत नाही. साल लिहावं लागतं, नाहीतर पुढची पिढी दोन्ही जहाजं एकत्र करेल.

९. निगेटिव्ह आधी मागावी, फोटो नंतर. फोटो लोकांनी भिंतीवर लावून, पाकिटात ठेवून, पाहुण्यांना देऊन संपवलेले असतात. निगेटिव्ह कोणालाच नको असते म्हणून ती टिकते. कोकणच्या आणि गोव्याच्या हवेत तिला बुरशी धरते. जुन्या फिल्मच्या डब्यातून व्हिनेगरसारखा आंबट वास आला की समजायचं, घाई करायला हवी. ऐंशीच्या दशकातले रंगीत फोटो तर सगळ्यांत आधी जातात. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली सी हॅरियर दाबोळीला उतरली, त्या सुमाराचे लॅबमध्ये धुतलेले फोटो आज तांबूस पडले आहेत, आणि त्यांच्याच शेजारी चिकटवलेला बाबांचा १९६५ चा काळा-पांढरा फोटो अजून ठणठणीत आहे. चिकट पानांचे, वर प्लॅस्टिक असलेले अल्बम सगळ्यात वाईट. त्यांतून फोटो ओढून काढू नयेत. पानासकट स्कॅन करावेत.

१०. फोटो काढणारा फोटोत नसतो. बाबांच्या अल्बमात बाबा फारच थोडे आहेत. दुसऱ्यांच्या अल्बमांत ते मला भेटत राहतात. रत्नागिरीत एका फोटोत कडेला, अर्धे कापलेले. पुण्यात एका गटचित्रात मागच्या रांगेत, बाही दुमडलेली, हातात मळका फडका. तेव्हा आता मी प्रत्येक घरात विचारते की हा कोणी काढला? आणि अल्बम कोणी लावला? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ नेहमी ‘हिने’ असं येतं. काळ्या पानांवर कोपरे चिकटवून, पांढऱ्या शाईने ‘दाबोळी, १९६८’ असं लिहिणाऱ्या त्या बायका. नवरे सहा-सहा महिने समुद्रावर असताना त्यांनी हे केलं. विमानाची जात त्यांनी बऱ्याचदा चुकीची लिहिली आहे, पण माणसांची नावं, आडनाव, गाव, कोणाला कितवं मूल, हे सगळं बरोबर. माझ्या कामाची नोंद तीच निघाली. विमानाची जात मला शेपटीवरून कळते.

एका फोटोवर सध्या अडले आहे. अलिझेपुढे चौघे उभे आहेत, मागे दाबोळीचा हँगर. तिघांची नावं लागली. चौथा बुटका, मिशाळ, त्याने खिशाला दोन पेनं लावली आहेत. मालवणच्या काकांना तो वेंगुर्ल्याचा वाटतो, पुण्याचे काका तो कारवारचा म्हणून हटून बसले आहेत. दोघांचं एकमत फक्त एकाच गोष्टीवर आहे की इंजिनात त्याच्याइतका जाणता हात स्क्वाड्रनमध्ये दुसरा नव्हता. पुढच्या महिन्यात वेंगुर्ल्याला जायचं ठरवलं आहे. तिथे नाही कळलं तर कारवार.